लाल रंग कशाचा? भाचीच्या मेकअप-पेटीसाठी केलेली तुलना

भाचीचं लग्न माघात आहे आणि तिची मेकअपची पेटी भरायचं काम माझ्याकडे आलंय. गेली दोन वर्षं ती दूध-तूपही घेत नाही. पोहे-शेव चालतात, म्हणून इंदूरात तिचं निभतं. तिची अट: "मावशी, प्राण्याचं काही नको, आणि प्राण्यावर तपासलेलंही नको." या दोन वेगळ्या अटी आहेत हे मला राजवाड्याजवळच्या तिसऱ्या दुकानात कळलं. तोवर डब्यावर ससा दिसला की मी पिशवीत टाकत होते.

ससा म्हणजे क्रुएल्टी-फ्री: तपासणीसाठी प्राणी वापरलेला नाही. वीगन म्हणजे आत प्राण्यापासून आलेलं काही नाही. ससा छापलेल्या लिपस्टिकमध्ये किड्याचा रंग आणि मधमाशीचं मेण खुशाल असू शकतं.

यांत सशाचा प्रश्न सोपा आहे, कारण अर्धं काम कायद्यानेच केलंय. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला भारतात २०१४ साली बंदी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तशा मालाच्या आयातीलाही. तेव्हा देशी डब्यावर ‘आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही’ असं ठळक छापलेलं पाहून भारावून जायचं कारण नाही. परदेशी कंपनीचं मात्र विचारावं. चीनमध्ये आयात मालाला प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. साध्या प्रसाधनांना २०२१ पासून अटींवर सूट मिळाली. तिथे विकणारी कंपनी इथे एक आणि तिथे एक असं वागत आली असेल.

सशांतही दोन जाती आहेत. पेटा या प्राणिहक्क संघटनेच्या यादीत मुख्य भार कंपनीने दिलेल्या लेखी हमीवर असतो. लीपिंग बनी हा दुसरा, उडी मारणारा ससा देणारे कच्चा माल पुरवणाऱ्यांपर्यंत मागोवा मागतात, बाहेरच्या माणसाकडून तपासणी करवतात आणि दरवर्षी बांधिलकी नव्याने घेतात. मला दुसरा ससा जास्त भरवशाचा वाटतो. पण पेटाची एक सोय आहे: चाचणीमुक्त आणि चाचणीमुक्त-शिवाय-वीगन अशा दोन वेगळ्या खुणा ते देतात.

हिरव्या ठिपक्याने माझ्या आईची फसगत झाली. तो प्रसाधनांवर खाण्याच्या वस्तूंसारखा सक्तीचा नाही, आणि खाण्याच्या नियमांतही दूध, मध, मेण, लाख यांची गणना मांसाहारात होत नाही. म्हणजे ठिपका शाकाहारी माणसासाठी ठीक, वीगन माणसाला अपुरा. वीगन सोसायटी या संस्थेचं सूर्यफूल, म्हणजे तिची वीगन खूण, दिसलं तर निश्चिंत व्हावं. ते नसेल तर चष्मा लावून मागची यादी वाचायची.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला लिपस्टिकमध्ये. कार्माइन नावाचा लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांना वाळवून काढतात; पौंडभर रंगाला सुमारे ७०,००० किडे लागतात, असा हिशेब सांगतात. यादीत तो बहुधा नावाने येत नाही, सी.आय. (कलर इंडेक्स, म्हणजे रंगांची क्रमांकयादी) ७५४७० असा आकडा असतो. रंग म्हणून तो उत्तम आहे, उन्हाने उडत नाही, हे मान्य करायला हवं. त्याच्या जागी वीगन लिपस्टिकमध्ये लोहाचा लाल असतो, सी.आय. ७७४९१, म्हणजे आपल्या गेरूचाच भाऊ. त्याने विटकरी, तपकिरी छटा छान येतात, पण नवरीचा भडक लाल त्याच्या एकट्याच्या आवाक्यातला नाही, त्यासाठी सी.आय. १५८५०सारखे कारखान्यातले रंग घालतात. ज्यांना ‘वीगन’ म्हणजे ‘नैसर्गिक’ असं वाटतं, त्यांची इथे निराशा होईल. इथे किड्याचा रंग नैसर्गिक आहे आणि वीगन रंग कृत्रिम. भाचीला चाललं. बिटाच्या रसाचा प्रयोगही आम्ही केला. तो पहिल्या चहाबरोबर कपाला लागला.

एक खाचखळगा आहे. यादीच्या शेवटी अधिक-उण्याची खूण करून पाच-सात रंग एकत्र छापतात, कारण सगळ्या छटांना एकच यादी वापरतात. त्यात ७५४७० दिसला तर तुमच्या छटेत तो असेलच असं नाही. कंपनीला लिहून विचारा, नाहीतर सोडून द्या.

मेणाचंही तसंच. मधमाशीचं मेण यादीत सेरा अल्बा म्हणून येतं. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं, तर कार्नौबा ताडाचं मेण ८० अंशांच्या वर. मे महिन्यात गाडीत विसरलेली कांडी टिकेल का, याचं उत्तर त्यात आहे. नुसतं कार्नौबा घातलं तर मात्र कांडी कडक होते आणि ओठांवर ओढली जाते. कँडेलिला हे दुसरं वनस्पतीचं मेण मिसळलेली घ्यावी, ती मऊ फिरते. थंडीत माळव्याच्या कोरड्या हवेत ओठ फुटतात तेव्हा मला जुना मेण-लॅनोलिनचा बामच सरस वाटतो. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतलं. वीगन बाम दिवसातून दोनदा जास्त लावावा लागतो, एवढीच त्याची किंमत.

बाकीचं झटपट. क्रीममध्ये ‘स्क्वालेन’ असेल तर ते ऑलिव्ह किंवा उसाचं आहे असं लिहिलेलं बघा. शार्कच्या यकृतातलंही असतं. चमकदार नेलपेंटमध्ये ‘ग्वानिन’ म्हणजे माशाचे खवले. आयात साबणात ‘टॅलोएट’ म्हणजे चरबी, ‘पामेट’ म्हणजे पाम तेल. ब्रश कृत्रिम केसांचेच घ्या, स्वस्तही पडतात. आयत्या पर्यायांत प्लम ही देशी कंपनी आपला सगळा माल वीगन असल्याचं सांगते. बॉडी शॉपनेही २०२४च्या सुरुवातीपर्यंत सगळी उत्पादनं वीगन सोसायटीकडून प्रमाणित करून घेतली. फार वाचायचं नसेल तर तिथून सुरुवात करा.

आणि हो, ‘घरचं सगळं शुद्ध’ म्हणणाऱ्यांसाठी. शिकेकाई, रिठा, उटणं, मुलतानी माती पंसारीकडून आणली तर प्रश्नच नाही, फक्त उटणं दुधात कालवू नका. पण माझी आजी कुंकवाखाली आधी मेण लावायची, ते पोळ्याचंच. अळता मुळात लाखेच्या किड्याचा. काजळ तुपाचं. या बाबतीत पुण्यातल्या ब्युटी विदाऊट क्रुएल्टी या संस्थेची आठवण येते; १९७४ पासून ती आपल्याकडे हे प्रश्न विचारते आहे. आमच्या घरात ते यायला भाची वीगन व्हावी लागली.

पैठणीच्या रेशमाचं काय, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. तिनेही काढलेलं नाही.

काजळावरून मात्र घरात वाद झाला. बाजारातल्या दोन कांड्यांच्या यादीत सेरा अल्बा निघालं, तिसरीत नाही, पण ती भाचीच्या डोळ्यांना चुरचुरली. शेवटी आईने एरंडेलाची वात लावली, वर तांब्याचं ताट उपडं ठेवलं आणि काजळी तुपाऐवजी एरंडेलातच खलली. पसरतं थोडं, आणि डोळ्यांचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय घालू नये. पण पेटीतली काजळाची जागा भरली. नवरीची लाल लिपस्टिक तेवढी अजून घ्यायची आहे.