ओल तपासायला येणाऱ्याचा पगार कोण देतं? इंग्लंडमध्ये भाड्याचं घर निवडताना

इंग्लंडमध्ये नव्याने नोकरीला येणाऱ्या जोडप्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. दोन घरं पसंत पडलेली असतात. एक बर्मिंगहॅममध्ये, जिथे घर भाड्याने द्यायला घरमालकाला कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या महापालिकेचं, लायसन्स घ्यावं लागतं अशा वॉर्डात. दुसरं हद्दीपलीकडे, शेजारच्या कौन्सिलमध्ये, जिथे असं लायसन्स लागत नाही. दुसऱ्याचं भाडं महिन्याला 40 पाउंडांनी कमी. ताई, कोणतं घेऊ?

मी आधी एवढंच विचारते: भिंतीला ओल आली तर ती तपासायला जो माणूस येईल, त्याचा पगार कुठून होतो, माहीत आहे का?

कायदा दोन्ही घरांना एकच आहे. 2004 च्या हाउसिंग अॅक्टनुसार घरातले 29 प्रकारचे धोके तपासले जातात. त्यात थंडी, ओल-बुरशी, विजेची जोडणी, जिना, आग असं सगळं येतं. धोका पहिल्या श्रेणीचा ठरला तर कौन्सिलला कारवाई करावीच लागते. पण धोका ठरवण्यासाठी आधी कुणीतरी घरात पाऊल टाकायला हवं, आणि तिथेच दोन्ही घरांची वाट वेगळी होते.

आधी स्वस्त घर घेऊ. इथल्या तपासनिसाचा पगार कौन्सिलच्या सर्वसाधारण तिजोरीतून होतो. त्याच तिजोरीतून वृद्धांची देखभाल आणि मुलांचं संरक्षण करायचं असतं. ती कामं कायद्याने टाळता येत नाहीत आणि त्यांचा खर्च वाढतच असतो. मग कात्री लागते ती घरं तपासणाऱ्या लोकांना. उरलेली माणसं तक्रार आली तरच बाहेर पडतात.

आमच्या पहिल्या घरात हे मी भोगलं आहे. जानेवारीत मुलीच्या खोलीतलं कपाट सरकवलं तर मागची भिंत गुडघ्याच्या उंचीपर्यंत काळी. घरमालक म्हणाला, खिडक्या उघडत जा. कौन्सिलकडे तक्रार केली आणि अधिकारी बाई आल्या अकराव्या आठवड्यात. त्यांनी यंत्राच्या दोन सुया भिंतीत टोचल्या, आकडा बघितला आणि लगेच म्हणाल्या, हा तुमच्या स्वयंपाकाच्या वाफेचा दोष नाही, बाहेरून पाणी मुरतंय. बाई कामाला चोख होत्या, पण अर्धं शहर त्यांच्या एकटीच्या गळ्यात होतं. तोवर आमच्या लेकीने खोकल्याची तिसरी बाटली संपवली होती.

आता लायसन्सचं घर. घरमालक फी भरतो आणि लायसन्स जास्तीत जास्त पाच वर्षांचं असतं. न्यायालयांच्या निकालांनंतर ही फी दोन हप्त्यांत घेतात. अर्जाबरोबर छाननीपुरती रक्कम, आणि लायसन्स मंजूर झाल्यावर देखरेख व कारवाईची. त्यातून कौन्सिलला नफा कमावता येत नाही आणि तो पैसा दुसरीकडे वळवताही येत नाही. याचं महत्त्व बर्मिंगहॅममध्येच कळतं. तिथे जून 2023 मध्ये 25 वॉर्डांत ही योजना सुरू झाली, आणि सप्टेंबरमध्ये कौन्सिलने कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे हिशेब जुळत नाही असं जाहीर केलं. तिजोरी रिकामी असली तरी लायसन्सच्या फीला दुसऱ्या कामासाठी हात लावता येत नाही. मुंबईकरांना हे पटकन समजेल. 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या जुन्या इमारतींकडून दुरुस्तीचा वेगळा उपकर घेतात, त्यामागचा विचार असाच आहे.

फी शेवटी भाडेकरूच्याच माथी बसते, असं घरमालक सांगतील. हिशेब करा. 700 पाउंड फी पाच वर्षांवर पसरली तर महिन्याला 12 पाउंडही होत नाहीत.

पण लायसन्स म्हणजे सगळं आलबेल असं समजू नका. ते कागद बघूनही मिळू शकतं. एचएमओमध्ये, म्हणजे एकत्र कुटुंब नसलेले लोक वाटून राहतात त्या घरात, धोक्यांची खात्री करून घ्यायला कायदा कौन्सिलला अर्जापासून पाच वर्षांपर्यंत मुदत देतो. विद्यार्थ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. शिवाय योजना संपली की पैसाही थांबतो. लिव्हरपूलमध्ये 2015 ते 2020 शहरभर लायसन्स होतं. पुढच्या योजनेला केंद्र सरकारने नकार दिला, आणि एप्रिल 2022 मध्ये ती फक्त 16 वॉर्डांत परत आली. मधल्या दोन वर्षांत फी नाही, आणि फीवर चालणारी तपासणीही नाही. डिसेंबर 2024 पासून अशा मोठ्या योजनांना केंद्राची वेगळी मंजुरी लागत नाही, हे बरं झालं.

नियम मोडणाऱ्या घरमालकांच्या दंडाचा पैसा हा तिसरा झरा. 2025 च्या रेंटर्स राइट्स अॅक्टने तो 40,000 पाउंडांपर्यंत नेला आहे आणि कौन्सिल तो खासगी भाड्याच्या घरांवरच्या कारवाईसाठी ठेवून घेऊ शकते. पण कधी येईल याचा भरवसा नाही, त्यावर माणूस नोकरीला ठेवता येत नाही. वेल्समध्ये जाणाऱ्यांना ही निवड करावीच लागत नाही. तिथे 2015 पासून रेंट स्मार्ट वेल्स ही एकच व्यवस्था फीवर चालते.

माझं मत स्पष्ट आहे. घरात लहान मूल असेल किंवा आई-बाबा सहा महिने राहायला येणार असतील, तर 40 पाउंड जास्त द्या आणि लायसन्सचं घर घ्या. दुसरं घर अलीकडे बांधलेलं असेल, गॅसचा यंदाचा आणि विजेचा पाच वर्षांतला दाखला घरमालक मागताक्षणी दाखवत असेल, तर ते घ्यायलाही माझी हरकत नाही.

डिपॉझिट भरण्याआधी कौन्सिलच्या लायसन्स रजिस्टरमध्ये पत्ता शोधा. ते सगळ्यांना खुलं असतं. लायसन्स लागतं आणि घेतलेलंच नाही असं निघालं, तर ट्रायब्युनलकडून भाडं परत मागता येतं, आणि 1 मे 2026 पासून ते दोन वर्षांपर्यंतचं. रजिस्टरमध्ये पत्ता सापडला तर कौन्सिलला दोन ओळींची ईमेल टाका: या घराची प्रत्यक्ष तपासणी झाली आहे का, आणि कधी? आणि घर बघायला जाल तेव्हा उत्तरेकडच्या भिंतीचं कपाट वीतभर ओढून मागे हात फिरवून बघा.