विंडोज १० नंतर: लिनक्स मिंट घ्यावं की उबुंटू?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी जुने लॅपटॉप त्यात बसत नाहीत. असा लॅपटॉप भंगारात देण्याआधी विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ही सिस्टीम टाकून बघावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. मिंट आणि उबुंटू ही तिचीच दोन रूपं. मग पहिला प्रश्न येतो: मिंट की उबुंटू?

दोन्ही फुकट आहेत. मिंट २२ उभं आहे ते उबुंटू २४.०४ च्याच पायावर, आणि दोन्हींना २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. त्यामुळे वेग, सुरक्षितता यांवरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. नवख्या माणसाला पहिले पंधरा दिवस अडतं ते हाताला लागलेल्या सवयींपाशी. निवड त्यावरूनच करावी.

हाताच्या सवयी

मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय. पट्टीवरच्या चालू प्रोग्रामवर क्लिक केलं की तो खाली जातो, पुन्हा क्लिक केलं की वर येतो. विंडोजवर दहा वर्षं काढलेल्या माणसाला इथे काहीच नव्याने शिकावं लागत नाही.

उबुंटूची मांडणी वेगळी आहे. डॉक, म्हणजे प्रोग्रामच्या आयकॉनची पट्टी, डाव्या कडेला असतो, आणि त्यातल्या आयकॉनवर क्लिक करून उघडा प्रोग्राम खाली जात नाही. विंडोजची कळ दाबली की मेन्यूऐवजी सगळ्या उघड्या खिडक्या एकत्र दिसतात आणि प्रोग्रामचं नाव टाइप करून तो शोधायचा असतो. सवय झाली की ही पद्धत झपाट्याची आहे. पण आई-बाबांसाठी लॅपटॉप तयार करत असाल तर पहिल्याच दिवशी फोन येईल.

छोट्या गोष्टी जास्त छळतात. फोल्डरमध्ये उजवं क्लिक करून नवीन रिकामी फाइल बनवणं मिंटमध्ये सरळ जमतं. उबुंटूत तो पर्याय दिसतच नाही. ‘टेम्प्लेट्स’ फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल ठेवली की मग येतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पासवर्ड टाकताना मिंट चांदण्या दाखवतं, उबुंटू २४.०४ काहीच दाखवत नाही. कीबोर्ड बिघडला असं समजून लोक तिथेच थांबतात. तो बिघडलेला नसतो. पासवर्ड पूर्ण टाइप करून एंटर दाबा.

सॉफ्टवेअर आणि अपडेट

नेटवरून सेटअप फाइल उतरवून डबल क्लिक करायची, ही सवय दोन्हीकडे सोडायची आहे. प्रोग्राम घ्यायचा तो सिस्टीमसोबत आलेल्या सॉफ्टवेअर-दुकानातूनच. उबुंटू त्यासाठी स्नॅप या प्रोग्राम बांधून देण्याच्या पद्धतीवर भर देतं. तिथला फायरफॉक्सही स्नॅपच आहे, आणि साधी हार्ड डिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपवर तो पहिल्यांदा उघडायला रेंगाळतो. मिंटने स्नॅप मुळातच बंद ठेवलं आहे. तिथे साधी पॅकेजेस आणि फ्लॅटपॅक (स्नॅपसारखीच दुसरी पद्धत) एकाच यादीत मिळतात.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे सिस्टीमच्या प्रती काढून ठेवणारं साधन आधीपासून असतं. पहिल्याच दिवशी ते चालू करा, रोजच्या आणि आठवड्याच्या दोन-दोन प्रतींपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर डिस्क भरते. एखाद्या अपडेटने गडबड केली तर सिस्टीम कालच्या स्थितीत नेता येते. मात्र टाइमशिफ्ट सिस्टीम जपतं, तुमचे फोटो नाही. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवरच हवी.

मराठी टायपिंग

उबुंटूत सेटिंग्ज, मग कीबोर्ड, मग अधिकच्या चिन्हावर जाऊन मराठी शोधा. भाषा बदलायला विंडोज कळ आणि स्पेसबार. मिंटमध्ये कीबोर्डच्या लेआउट विभागात मराठी जोडा आणि भाषा बदलायची कळ तिथल्याच पर्यायांत ठरवून ठेवा. इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी येत असेल तर एवढ्यावर भागतं. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर दोन्हीकडे ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज टाका. मिंटमध्ये इनपुट मेथड (टायपिंगची पद्धत) म्हणून आयबस निवडा, एकदा लॉग आउट होऊन परत या. मग आयट्रान्स आणि फोनेटिकसारखे पर्याय मिळतात.

खरी अडचण जुन्या फाइलींची. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसला की अगम्य चिन्हांसारखा दिसतो, कारण त्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच, फक्त फॉन्टचे आकार असतात. विंडोज हाताशी आहे तोवर अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या.

दोन्ही नकोत अशी कामं

रोजचं काम टॅलीवर असेल, एक्सेलमध्ये मोठे मॅक्रो असतील किंवा डिजिटल सहीचं टोकन लावून पोर्टलवर फाइलिंग करावं लागत असेल, तर त्या संगणकावर विंडोजच राहू द्या. प्रिंटर आधी तपासा: आपल्याकडे दुकानादुकानात दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवणं किचकट आहे. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, पण एचपीलिप या एचपीच्या लिनक्ससाठीच्या ड्रायव्हरचं जादा प्लगइन टाकल्यावरच.

आमची निवड

४ जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, ८ जीबी असेल तर मिंट सिनॅमन. त्याआधी हार्ड डिस्क काढून २.५ इंची साटा एसएसडी बसवा. दोन सिस्टीममधल्या फरकापेक्षा त्याने जास्त फरक पडतो. लॅपटॉप नवा, स्क्रीन दाट पिक्सेलची आणि अक्षरं १२५ किंवा १५० टक्के मोठी करायची असतील तर उबुंटू घ्या. ते वेलँड या स्क्रीनवर चित्र दाखवण्याच्या नव्या पद्धतीवर चालतं, त्यामुळे असं मोठं करणं तिथे स्वच्छ दिसतं आणि टचपॅडवर तीन बोटांनी सरकवणं पहिल्यापासून चालतं.

ठरत नसेल तर मिंटसाठी ४ आणि उबुंटूसाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने त्या सिस्टीमची उतरवलेली फाइल त्यावर चढवा आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरूनच तासभर चालवून पाहा: वायफाय, आवाज, स्क्रीनचा उजेड, झाकण मिटून परत उघडणं.

विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर ठेवणार असाल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजच्या डिस्कवर लिनक्समधून काही लिहिता येत नाही. विंडोजचं घड्याळ अचानक साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लॅपटॉपच्या आतलं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज तीच वेळ भारतीय समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एक आज्ञा दिली की दोघांचं जुळतं.