पिल्लांची निपल लाईन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

शेतीपंपाची वीज पाळीने येत असल्यामुळे ब्रूडिंगच्या, म्हणजे कोंबडीच्या लहान पिल्लांना ऊब देण्याच्या, भागात मोटरशिवाय चालणारी पाण्याची व्यवस्था हवी होती. त्यासाठी बसवलेल्या निपल लाईनवर (चोचीने पिन हलवली की पाणी सोडणारे निपल बसवलेल्या पाइपवर) आतापर्यंत ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांच्या, काही बॅचेस निघाल्या असून, माझे मत एकंदरीत अनुकूल आहे. मात्र संच विकणाऱ्याने सुचवलेली जोडणी, म्हणजे शेडवरच्या टाकीतून थेट लाईन, मी स्वीकारली नाही.

कारण साधे आहे. टाकी दोनशे लिटरची असो वा दोन हजारांची, दाब ठरतो तो पाण्याच्या पातळीच्या उंचीवर. एक मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरला साधारण 0.1 किलो. शेडवरच्या टाकीचा दाब मोठ्या पक्ष्यांना चालेल, पण एक दिवसाच्या पिल्लाच्या चोचीला त्या दाबाखालची निपलची पिन हलत नाही, आणि हललीच तर पाणी चोचीत कमी व खाली अंथरलेल्या तुसावर जास्त जाते. तूस ओले राहिले की अमोनियाचा वास आणि पाठोपाठ रक्ती हगवण, हे कुक्कुटपालकांना सांगायला नको.

म्हणून वरच्या टाकीचे पाणी आधी बॉल कॉक (पाणी ठरलेल्या पातळीला आले की आपोआप बंद होणारा तरंगता कॉक) असलेल्या छोट्या टाकीत घेतले आणि ती कप्पीवर टांगली. वरची टाकी भरलेली असो वा अर्धी, छोट्या टाकीतली पातळी हलत नाही. पहिल्या आठवड्यात ही पातळी निपलच्या वर जेमतेम वीतभर ठेवतो आणि पिल्ले वाढतील तशी दोरी ओढून वाढवतो. लाईनच्या टोकाला उभी पारदर्शक नळी, वरचे तोंड उघडे ठेवून, लावली आहे. तिच्यातून अडकलेली हवा निघून जाते, आणि शेवटच्या निपलपर्यंत दाब पोहोचतो की नाही ते नळीतल्या पातळीवरून कळते. पिल्ले पीत असताना ती फार खाली गेली, तर फिल्टर तुंबला असे समजावे. अधूनमधून निपलची पिन दाबून धरून मिनिटभराचे पाणी मापात घेतो. लहान पिल्लांना तीस-चाळीस मिलिलिटर पुरेसे होते.

उणीव म्हणजे, इतक्या कमी दाबावर पाणी संथ वाहते, ब्रूडरच्या उष्णतेने कोमट होते आणि व्हिटॅमिन दिल्यानंतर पाइपच्या आत बुळबुळीत थर धरतो. त्यामुळे टोकाचा कॉक उघडून लाईन रोज धुवावी लागते, आणि छोट्या टाकीच्या दाबावर ती नीट धुतली जात नाही. वरच्या टाकीची थेट जोडणी केवळ त्या कामापुरती, वेगळ्या व्हॉल्व्हवर, राखून ठेवलेली बरी.