घरगुती फॅट फ्रीझिंग पट्टा: काही महिने वापरल्यानंतर

फ्रीझरमध्ये गोठवलेला पॅक घालून पोटाला बांधायचा आणि थंडीने चरबी घटवायची, असा हा पट्टा. त्याची शिवण मजबूत आहे आणि वेल्क्रो अजून घट्ट चिकटतो. पोटाचा घेर मात्र टेपवर पहिल्या दिवशी होता तेवढाच आहे. खाणंपिणं, चालणं मुद्दाम बदललं नव्हतं, त्यामुळे दोष दुसऱ्या कशावर ढकलताही येत नाही.

मूळ तंत्र खोटं नाही. बर्फाची कांडी चोखत बसणाऱ्या लहान मुलांच्या गालातल्या चरबीला सूज येते, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. चरबी गोठायला पाण्याइतकी थंडी लागत नाही, म्हणून कातडी शाबूत ठेवून चरबीच्या पेशी मारता येतात. अमेरिकेत मॅनस्टाइन आणि अँडरसन या डॉक्टरांनी त्यावरून उपचार बसवला, २०१० मध्ये तिथल्या एफडीए या औषधं-उपकरणांच्या नियामक संस्थेची मंजुरीही मिळाली. पण ते यंत्र चरबीची घडी आत ओढून धरतं, कातडीवर संरक्षक जेलचा थर असतो आणि तापमानावर सेन्सरची सतत नजर असते.

इथे फ्रीझरमधून काढलेला पॅक उणे १८ अंशांच्या आसपास असतो आणि लगेच कोमट व्हायला लागतो. म्हणजे सुरुवातीला कातडीला झेपत नाही आणि नंतर चरबीपर्यंत पोचत नाही. मध्ये जाड कापड ठेवलं की पोट नुसतं गार पडतं.

एकदा ते कापड आतल्या आत सरकलं. आधी झोंबलं, मग झोंबायचं थांबलं. सवय झाली असं वाटावं, पण कातडी बधिर झाली होती. पट्टा सोडला तर पॅकच्या कोपऱ्याएवढा पांढरा, मेणासारखा टणक चट्टा. दुसऱ्या दिवशी तिथे फोड. त्वचारोगतज्ज्ञांनी हिमदाह, म्हणजे थंडीने कातडी गोठून झालेली इजा, सांगितला आणि चोळायचं नाही, फोड फोडायचे नाहीत, अशी ताकीद दिली. त्या जागी कपड्याचं इलॅस्टिक लागलं की अजून मुंग्या येतात.

मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांनी, थंडीने अंगावर गांधी उठणाऱ्यांनी किंवा क्रायोग्लोब्युलिनेमिया (थंडीत रक्तातली काही प्रथिनं साकळण्याचा विकार) असणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊच नये. ऑनलाइन मिळणारी सक्शनची यंत्रं तर त्याहून वाईट. दवाखान्यातल्या उपचारानंतरही क्वचित चरबी कमी होण्याऐवजी वाढून टणक गोळा होतो. मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टाने २०२१ मध्ये स्वतःबद्दल हेच जाहीर केलं होतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘जादा थंडावा देणारे पॅक मोफत पाठवू का?’

एक तारा, तोही वेल्क्रोला.