घाटाखालचं पत्र्याचं गॅरेज, साखरपा: साडेचार स्टार

गॅरेजचं नाव विचारू नका, बोर्ड इतका गंजलाय की नुसतं 'टो गॅरेज' एवढंच वाचता येतं. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाताना साखरपा सोडलं की आंबा घाट चढायच्या आधी निळा पत्रा, दारात टायरांची चळत आणि चळतीवर झोपलेलं एक कुत्रं. दिसलं की थांबा. गाडी चांगली असली तरी थांबा, निदान पाणी बघून घ्या.

माझी गाडी म्हणजे सेकंडहँड ईको, 2014 ची, तिचा मी घरीच कॅम्पर केलाय. मागची सीट काढून 18 एमएम प्लायचा बेड, चार इंची फोम, खिडक्यांना मच्छरदाणी आणि पुढच्या सीटला चिकटून किचनचा बॉक्स, त्यात शेगडी, पाच किलोची टाकी, दोन ड्रॉवर. आरसीवर नोंद आहे त्यापेक्षा गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा नाही असं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, ते डोक्यात ठेवून बॉडीला एकही भोक पाडलं नाही, सगळं सुट्टं, सगळं प्लायला प्लाय. तीन महिने शनिवार-रविवार घालवले यात आणि त्या बॉक्सचं तर मला इतकं कौतुक की येईल त्याला ड्रॉवर उघडून दाखवायचे.

नोव्हेंबरात एकटीच निघाले, पुणे ताम्हिणी हरिहरेश्वर, मग बागमांडल्याची फेरीबोट, पुढे दाभोळहून धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, तवसाळहून जयगड, गणपतीपुळे, आरेवारे. आठ दिवस गाडीने चूं केलं नाही. नवव्या दिवशी परत येताना मुर्शी सोडून चढ लागला आणि बुडाखाली गरम लागायला लागलं, आधी वाटलं ऊन असेल, मग कसलासा वास आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ईकोचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली असतं आणि रेडिएटर मात्र पुढे नाकाशी, म्हणजे पाणी लांबलचक पाइपातून जा-ये करतं आणि त्यातला एक पाइप जरी गळला तरी त्याची पहिली वर्दी तुमच्या बुडाला मिळते.

गाडी बाजूला घेतली, रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही (गरम इंजिनचं झाकण उघडून हात भाजलेला माणूस आमच्याच सोसायटीत आहे), चांगला पाऊण तास थांबले, पिण्याचं पाच लिटर पाणी होतं ते ओतलं आणि यू टर्न मारून हळूहळू खाली आले. अशी या गॅरेजची गाठ पडली.

काका साठीचे असतील. आख्ख्या ट्रिपमध्ये "एकटीच?" असं न विचारणारा हा पहिला माणूस. त्यांनी विचारलं, "पाणी कुठला घातलाव?" खालचा पाइप ढिला करून थोडं पाणी डब्यात काढलं तर ते चहाच्या रंगाचं. निघायच्या आधी पुण्यात एका गॅरेजात सर्व्हिसिंग केलं होतं, बिलावर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, गंज धरू न देणारं पाणी) लिहिलेलं, पैसेही घेतलेले आणि आत नळाचं पाणी. काकांनी त्यात बोट बुडवून पत्र्यावर पुसलं, तांबूस रेघ उठली. काही बोलले नाहीत. त्या रेघेचा फोटो काढलाय मी, पुण्याला दाखवायला.

मग सीट उलटायला गेले तर सीट हलेना. कारण मागे माझा बॉक्स, एक बोटसुद्धा फट नाही. काका वाकून वाकून बघत होते, बॉक्स कुठे सुरू होतो कुठे संपतो, आणि मग माझ्याकडे बघून,

"ह्या कोणी केलान?"

म्हटलं मीच.

"काम चांगला आहे. पण ताई, इंजिनला कुलूप घातलंव तुम्ही."

इतका गोड अपमान कोणी केलेला नाही माझा. सोळा स्क्रू काढले त्यांनी, एकेक, हाताने, माझा ड्रिल-मशीनवाला उत्साह बघून "राहूदे, प्लाय फुटंल" म्हणाले. बॉक्स अंगणात ठेवला, कुत्रं लगेच येऊन त्याच्या सावलीत बसलं.

होजला, म्हणजे पाण्याच्या रबरी पाइपाला, क्लिपच्या खाली चीर गेली होती, कोणीतरी क्लिप वाट्टेल तशी आवळलेली. तसा होज इथे नव्हता. काकांनी देवरुखला फोन लावला आणि दुकानदाराने तो तिकडून निघणाऱ्या एसटीत ड्रायव्हरकडे दिला, आम्ही फाट्यावर जाऊन घेतला. अडीच तास लागले. त्यातला एक तास काका जेवून पडले होते, कितीही घाई असली तरी एक ते दोन हात लावत नाहीत, हे लक्षात ठेवा. तोवर काकूंनी घरात बोलावलं, बाथरूम वापरायला दिलं, कुळथाचं पिठलं-भात वाढला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

खरी कारागिरी पुढे. नवा होज, दोन नव्या क्लिपा, सिस्टिम दोनदा साध्या पाण्याने धुतली, मग तयार कूलंट भरलं. एवढं करून बरेच जण गाडी हातात देतात. काकांनी गाडी फिरवून चढावर नाक वर करून लावली, हीटर फुल केला आणि इंजिन चालू ठेवून झाकणाशी उभे राहिले. लांब पाइपात हवा अडकते, ती वरच्या तोंडाकडे यावी म्हणून. गुळूक गुळूक बुडबुडे येत राहिले, पाणी खाली गेलं की परत भर, असं वीसेक मिनिटं, पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत. हे बघायला मी हजार रुपये दिले असते.

बिल: होज 280, क्लिपा 70, कूलंटच्या तीन बाटल्या 660, मजुरी 300. तेराशे दहा, वरचे दहा सोडले. कागदावर बिल मिळत नाही, रेंज नसल्याने यूपीआय चालेल याची खात्री नाही, रोख ठेवा. रविवारी बंद.

घाट चढले, आंबा गावात थांबून सीटखाली हात घालून बघितला, कोरडं.

अर्धा स्टार कापलाय तो जेवणाच्या सुट्टीसाठी नाही. बॉक्स परत बसवताना सोळापैकी तेराच स्क्रू सापडले, त्यामुळे कोल्हापूरपर्यंत प्रत्येक खड्ड्याला खालचा ड्रॉवर उघडत होता आणि चमचे बाहेर. तीन स्क्रू तिथेच अंगणात असणार. कोणी गेलात तर कुत्र्याच्या आसपास बघा.