मेडिकलची ओपीडी की वाडीचा ट्रकतळ?

ट्रक ड्रायव्हरची एचआयव्ही तपासणी कुठे व्हावी? नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांत ती फुकट होते, समुपदेशक भेटतो, तीन चाचण्यांनी निदान पक्कं होतं. व्यवस्था भक्कम आहे. पण शहरालगतच्या वाडीला माल उतरवून रात्रीच निघणारा ड्रायव्हर ओपीडीच्या वेळेत येणार कसा? किट घेऊन त्याच्याकडेच गेलं, तर बोटातून रक्ताचा एक थेंब पुरतो; चहा पिऊन होईस्तोवर निकाल हाती. मात्र ती प्राथमिक चाचणी. खात्रीसाठी रुग्णालयातलं तपासणी केंद्र गाठावंच लागतं, आणि माणसं गळतात ती नेमकी इथेच. तरी माझा कौल ट्रकतळालाच, फक्त सोबत केंद्रापर्यंत येणारा माणूस हवा. कारण निदानानंतर औषध रोज घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून लागण पुढे जात नाही.