४० मिमी ट्यूबलेस टायर: फोंड्याचा पावसाळा ते थारचं वाळवंट

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी सायकलचे २८ मिमीचे टायर उतरवले आणि ४० मिमी रुंदीचे ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, चढवले. हिवाळ्यात जोधपूर ते जैसलमेर आणि पुढे वाळूच्या टेकड्यांचं सम, अशा मदतनिधीच्या राइडला जायचं होतं. डायलिसिसवर असलेल्या गरजू रुग्णांसाठी ती राइड होती. देणगीदार दर किलोमीटरमागे रक्कम कबूल करतो आणि सायकलवर कापलेलंच अंतर धरलं जातं; सोबतच्या गाडीत चढलात की तेवढे पैसे गेले. जोधपूर-जैसलमेर सुमारे २८० किमी, तिथून सम साधारण ४०. एवढ्या अंतरात पंक्चरमुळे एकही किलोमीटर गाडीतून जाऊ नये, म्हणून हा खर्च केला.

आधी बसवण्याचं सांगते, कारण खरा वैताग तिथेच आहे. रिमला आतून टेप, प्रेस्टा व्हॉल्व्ह (हवा भरायची बारीक नळी), प्रत्येक चाकात ६० मिली सीलंट, म्हणजे भोक पडलं की ते आतून बुजवणारा पांढरा द्रव. साध्या पंपाने टायर रिमवर नीट बसतच नाही, हवेचा एकदम जोराचा झोत लागतो. पेट्रोल पंपावरच्या हवेने काम झालं, पण त्यांची नळी प्रेस्टावर बसत नाही. पितळी अडॅप्टर सोबत हवाच. आणि विकत घेण्याआधी फोर्क व मागच्या त्रिकोणातली जागा मोजा. बऱ्याच जुन्या रोड बाइकमध्ये ४० मिमी मावत नाही.

पावसाळा मी गोव्यातल्या फोंडा-उसगाव-साखळी याच पट्ट्यात काढला. खाणीच्या ट्रकांनी खाल्लेला रस्ता, तांबडा चिखल, आणि पाण्याखाली किती खोल आहे ते न कळणारे खड्डे. जुन्या टायरना इथे ट्यूब रिमखाली चिमटून दोन दातांसारखी भोकं पडायची. ट्यूबच नसल्यामुळे तो प्रकार संपला. हवेचा दाब पुढे ३५, मागे ४० पीएसआय ठेवते. दिवाडी बेटावरच्या खाजन बांधांवर, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतांच्या बांधांवर, चिऱ्यांच्या तुकड्यांवरून जाताना मनगटांना जो आराम मिळतो, त्यासाठीच मी हे टायर पुन्हा घेईन. चोर्ला घाट चढताना मात्र वजन जाणवतं. गुळगुळीत डांबरावर वेगच हवा असेल त्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये.

आता थार. वाळवंट म्हटलं की आपल्याला वाळू आठवते, पण जोधपूरहून निघाल्यावर पहिला त्रास काट्यांचा. रस्त्याच्या कडेला विलायती बाभूळ माजलेली, शेतांना काटेरी फांद्यांची कुंपणं, आणि जमिनीवर सराटे. सराट्याची रचनाच अशी की कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. ट्रकला वाट द्यायला कडेला उतरलात की तो टायरमध्ये शिरलाच. देचूच्या पुढे माझ्या पुढच्या चाकातून पांढरा थेंब बाहेर येताना दिसला. काटा उपसला, भोक खाली येईल असं चाक फिरवलं, थोडं थांबले, निघाले. त्याच पट्ट्यात बारीक टायरवाले सोबती रस्त्याकडेला ट्यूबला पॅच लावत होते आणि गाडीचा चालक घड्याळ बघत होता. त्यांच्यातल्या दोघींना शेवटी गाडीत बसावं लागलं. त्यांच्या पायांत जोर होता, तयारी माझ्यापेक्षा जास्त होती. फार वाईट वाटलं.

सीलंटलाही मर्यादा आहे. पोकरणच्या पुढे लाठीजवळ धारदार दगडाने मागच्या टायरची बाजू चिरली. तिथे सीलंट धरत नाही, भोकात कोंबायचा रबरी प्लगही निसटला. गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोठ्या काळ्या सायकलींच्या ट्यूब होत्या, पण त्यांचा जाड व्हॉल्व्ह प्रेस्टाच्या बारीक छिद्रातून जातच नाही. माझ्याकडे जादा ट्यूब होती. त्याने जुन्या टायरचा तुकडा कापून चिरेच्या आतून लावून दिला आणि त्यावर मी समपर्यंत गेले. ट्यूबलेस आहे म्हणून ट्यूब घरी ठेवू नका, हे मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगते.

जैसलमेरनंतर वारा वाळू डांबरावर आणून टाकतो. हवा २५ पीएसआयपर्यंत उतरवली तेव्हा असे पट्टे आडवे न होता पार झाले. पण वाळूच्या खऱ्या टेकड्यांत ४० मिमीदेखील रुततं. तिथे चार इंची फॅट बाइक लागते. आम्ही सायकली ढकलतच नेल्या.

घरी येऊन पुढचा टायर उघडला, तर आत द्रव जवळजवळ नव्हता, वाळलेल्या रबराची साय होती. आपल्या दमट हवेत हेच सीलंट अख्खा पावसाळा ओलं राहिलं होतं. कोरड्या हवेत ते भराभर वाळतं, म्हणून निघायच्या आठवड्यात ताजं भरा आणि एक छोटी बाटली सोबत ठेवा.

पुढच्या टायरची नक्षी अजून चांगली आहे. मागचा चिरेमुळे बदलला; त्याच मापाचा घेतला, फक्त बाजूला जाड संरक्षक थर असलेला. टायर, टेप, व्हॉल्व्ह, सीलंट मिळून पहिला खर्च दहा हजारांच्या घरात गेला. येत्या हिवाळ्यात कुणी थारमध्ये अशाच कामासाठी सायकल नेणार असेल, तर मागच्या चाकाला पहिल्यापासूनच जाड बाजूचा टायर घ्या आणि निदान महिनाभर आपल्याच रस्त्यांवर चालवून मगच सायकल थारला न्या.